औषध परतविणाऱ्या प्रथिनाची पारख



कर्करोगाच्या कांहीं रोग्यांच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आरंभीं औषध चांगलें लागू पडतें, गांठ ओसरूं लागते. पण पुढें तेंच औषध निष्फळ ठरतें. इतकेंच नव्हे, तर पूर्वीं कधींहि न दिलेलीं, निराळ्या जातीचीं औषधेंहि चालेनाशीं होतात. असें कां व्हावें, ह्याचें एक उत्तर पेशीच्या पातळ आवरणांत सांपडलें.

कॅनडांतील टोरोंटो येथें रुडॉल्फ ज्युलियानो व व्हिक्टर लिंग हे संशोधक चिनी हॅम्स्टर ह्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर प्रयोग करीत होते. ह्या पेशी कोल्चिसीन नांवाच्या विषाला सरावलेल्या होत्या. त्यांच्या पृष्ठभागावर सुमारें १,७०,००० डाल्टन वजनाचें एक प्रथिन विपुल असल्याचें त्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें नांव पी-ग्लायकोप्रोटीन. हें प्रथिन म्हणजे एक पंपच होय. एटीपी ह्या पेशींतील इंधनावर तो चालतो व आंत शिरलेलें औषध बाहेर लोटतो. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल अशीं रचनेनें अगदीं भिन्न औषधें तो एकटाच घालवून देतो.

आतां, पेशींत हजारों प्रथिनें असतांना हें एकच कसें ओळखावें? येथें प्रतिपिंडें उपयोगीं पडतात. शरीरांत परकें द्रव्य शिरलें कीं, त्याला नेमकीं चिकटणारीं प्रथिनें रक्तांत उत्पन्न होतात. तींच हीं प्रतिपिंडें. एकाच प्रकारचें प्रतिपिंड हवें तितकें मिळविण्याची युक्ति कोह्लर व मिल्स्टाइन ह्यांनीं १९७५ सालीं केंब्रिज येथें शोधून काढली. त्याबद्दल १९८४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ह्याच युक्तीनें लिंग ह्यांच्या प्रयोगशाळेंत ‘सी-२१९’ व जपानांत ‘एमआरके-१६’ हीं प्रतिपिंडें तयार झालीं.

परीक्षेची एक रीत अशी. पेशी फोडून त्यांतील प्रथिनें एका लुसलुशीत थरांतून विजेच्या प्रवाहानें ओढतात. लहान प्रथिनें पुढें धांवतात, मोठीं मागें राहतात. मग तीं सर्व जशींच्या तशीं एका पातळ पटलावर उतरवून त्यावर प्रतिपिंड सोडतात. तें जेथें चिकटेल तेथें रंगाची किंवा प्रकाशाची रेघ उमटते. दुसऱ्या रीतींत अख्ख्या पेशीच तपासतात. एमआरके-१६ हें पंपाच्या बाहेरील भागास धरतें, म्हणून तें जिवंत पेशीवरहि चालतें. सी-२१९ मात्र आंतील भागास धरतें. त्यासाठीं पेशीच्या आवरणास आधीं छिद्रें पाडावीं लागतात.

परंतु रेघ उमटली म्हणजे शोध संपला असें नव्हे. वर्गांत एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले, तर पुकारा एकाचा होतो आणि ‘हजर’ दुसराच म्हणतो. सी-२१९ हें स्नायूंतील मायोसीन ह्या प्रथिनासहि चिकटतें, असें दिसून आलें आहे. शिवाय यकृत, मूत्रपिंड, आंतडीं व मेंदूंतील केशवाहिन्या ह्यांत हा पंप निरोगी स्थितींतहि असतोच. गांठीच्या तुकड्यासवें अशा निरोगी भागाचा अंश आला, तर निर्णय चुकतो. ह्यास्तव १९९४ सालीं अमेरिकेंत मेंफिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं निदान दोन निरनिराळीं प्रतिपिंडें वापरावीं अशी शिफारस केली.

आणखी एक गोष्ट. वर्गांत हजर असलेला प्रत्येक विद्यार्थी अभ्यास करतोच असें नाहीं! पंप आहे, पण तो चालतो काय? त्यासाठीं पेशींना र्‍होडामीन हा चमकणारा रंग देतात. पंप चालू असल्यास रंग ओसरतो. व्हेरापामील देऊन पंप रोखला, तर रंग टिकून राहतो.

एवढी दक्षता कशाला, असें कोणी विचारील. पंप रोखणारीं औषधें देऊन रोग्यांस बरें करण्याचे बहुतेक प्रयत्न निराशाजनक ठरले. त्यांतील कित्येक प्रयोगांत, गांठींत पंप आहे कीं नाहीं हें पाहून रोगी निवडलेच नव्हते. शिवाय अशा औषधांनीं मूळचें जहाल औषध शरीरांत अधिक काळ रेंगाळे व त्याची मात्रा कमी करावी लागे. ज्याच्या गांठींत पंपच नव्हता, त्या रोग्याच्या वांट्यास ह्यांतून लाभ कांहींच आला नाहीं. केवळ उणें औषध आलें.