साथीच्या वर्षांतील बालरुग्ण : घटलेल्या आकड्यांचा अर्थ

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल व चादरीचे यंत्रमाग थांबले, आणि 12 एप्रिल रोजी सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण नोंदला गेला. त्या काळात बालकांच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ओसरली. मुले त्या वर्षी निरोगी राहिली, असा निष्कर्ष आमचे काही हितचिंतक आजही त्यावरून काढतात. तो निम्माच खरा आहे.

शाळा बंद असल्याने सर्दी, फ्लू आणि तान्ह्या बाळांची छाती भरविणारा आरएसव्ही विषाणू यांचा प्रसार 2020 मध्ये खरोखरच रोडावला. निर्बंध सैल होताच 2021 मध्ये हाच आरएसव्ही अनेक देशांत अवेळी परतला. मात्र ज्या घरांतील रोजंदारी बुडाली, तेथे ताप-जुलाब अंगावर काढले गेले व मूल दवाखान्यात पोहोचले ते अत्यवस्थ होऊनच. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे चटकन उमजते : रुग्णसंख्या घटली, दर रुग्णामागील खर्च वाढला.

कोरोना बहुतेक मुलांना सौम्यच झाला. परंतु संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या बालकांना तीव्र ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी अशी लक्षणे दिसत व हृदयावर ताण येई. या 'एमआयएस-सी' विकारावर इम्युनोग्लोब्युलिन हे महागडे औषध द्यावे लागते. मात्रा वजनामागे किलोला 2 ग्रॅम. म्हणजे 15 किलोच्या बालकास 30 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या सहा कुप्या! हातमजुरी करणाऱ्या पालकास हा भार पेलणे अशक्यच.

याहून दूरगामी हानी झाली ती चुकलेल्या लसींची. 2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बालकांना त्रिगुणी लसीचा पहिला डोसही मिळाला नसल्याचा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफचा त्यावेळचा अंदाज होता. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी व मालेगावात गोवराने डोके वर काढले, त्याची मुळे बव्हंशी येथेच आहेत.

शासकीय लसीकरणात गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस वयाच्या 5 वर्षांपर्यंत मिळतो. 2020 साली जन्मलेल्या बालकांची ती मुदत 2025 मध्ये संपली. त्यानंतरही तज्ज्ञांच्या सल्ल्याने लस देता येते. ती सहसा विकत घ्यावी लागते. पालकांनी लसीकरणाचे कार्ड एकदा तपासणीसाठी आणावे. हरवले असल्यास तसेच यावे.