कतब, यक्तुबु, उक्तुब् : एका अरबी क्रियापदाची ओळख



मस्कतमध्ये पंधरा-वीस वर्षे काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना अरबी "येते". रुवीत टॅक्सीवाल्याला पत्ता सांगता येतो, मत्रहच्या बाजारात भाव करता येतो, कंपनीच्या मंदूबला कागद अजून आला नाही हेही समजावता येते. पण ही अरबी नीट ऐका. 'अना यरूह', 'अंता यरूह', 'मुदीर यरूह'. 'यरूह' म्हणजे 'तो जातो'. म्हणजे आपण म्हणतो : मी तो-जातो, तू तो-जातो, साहेब तो-जातो. बाई आल्या तरी त्याही तो-जातो! क्रियापदाचे एकच रूप आणि सगळे त्यावर भागवायचे. ते नाही सापडले तर 'सव्वी' (कर) लावायचे : 'सव्वी तेलेफून' म्हणजे फोन कर.

या बोलीची आम्ही टिंगल करत नाही. आखातात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कामगारांनी आणि इथल्या लोकांनी मिळून ती घडवली आहे, भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यासही केला आहे. अडचण एवढीच की ओमानी माणूससुद्धा सौजन्याने आपल्याशी तीच बोलतो (नाहीतर सरळ हिंदी!). त्यामुळे खरी रूपे कानावर पडतच नाहीत. मग कचेरीतल्या ओमानी बाईंना आपण पुल्लिंगी हाक मारतो, आणि शाळेत अरबी घेतलेला आपला मुलगा वही घेऊन आला की आई-बाबा दोघेही गप्प.

म्हणून या वेळी एकच क्रियापद घेऊ, पण पुरते घेऊ. क-त-ब, म्हणजे लिहिणे. हेच का? कारण याची तिन्ही व्यंजने आपल्या तोंडात आहेत, घशातले अवघड उच्चार नाहीत, आणि हे अगदी नियमित आहे.

आधी लिहिण्याची एक खूण ठरवू. खाली अरबी शब्द संस्कृतसारखा वाचायचा. पाय मोडला नसेल तर शेवटचे अक्षर पूर्ण म्हणायचे : कतब म्हणजे क-त-ब, 'कतब्' नव्हे. ऱ्हस्व-दीर्घही जसे लिहिले तसेच. अरबी वर्तमानपत्रात ऱ्हस्व स्वर छापतच नाहीत, वाचणाऱ्याने ते व्याकरणावरून ओळखायचे असतात. देवनागरीत मात्र ते लपवता येत नाहीत. अरबी शिकताना वहीत देवनागरी लिहिण्यात कमीपणा मानू नका, हा आमचा आग्रह आहे.

अरबी व्याकरणात क्रियापदाचे तीन भाग : मादी, मुदारिअ आणि अम्र. 'मादी' म्हणजे होऊन गेलेले. फारसीतून आपल्याकडे येताना 'द'चा 'ज' झाला आणि आपण 'माजी मुख्यमंत्री' म्हणू लागलो. 'अम्र' म्हणजे हुकूम. हुकूम देणारा तो अमीर आणि अनेक अमीर म्हणजे आपले उमराव. 'मुदारिअ' हा चालू किंवा अपूर्ण काळ.

भूतकाळ असा :

तो – कतब, ती – कतबत्
तू (पुरुष) – कतब्त, तू (स्त्री) – कतब्ति
मी – कतब्तु
ते – कतबू, त्या – कतब्न
तुम्ही (पुरुष) – कतब्तुम्, तुम्ही (स्त्रिया) – कतब्तुन्न
आम्ही, आपण – कतब्ना

तक्ता 'तो'पासून सुरू होतो, 'मी'पासून नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही प्रथम पुरुष म्हणजे 'सः', आणि 'अहम्' शेवटी. मराठीत आपण तो क्रम उलटा केला. शिवाय संस्कृतसारखे द्विवचनही अरबीत जिवंत आहे : ते दोघे – कतबा, त्या दोघी – कतबता, तुम्ही दोघे – कतब्तुमा. एकूण चौदा घरांचा तक्ता होतो. 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' घोकलेल्या पिढीने तरी याला घाबरू नये!

इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्याला 'तू'ची दोन रूपे कशाला हे समजावून घ्यावे लागते. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले आहे. तू गेलास, तू गेलीस. कतब्त, कतब्ति. उलट एक कटकट आपल्याकडे आहे ती त्यांच्याकडे नाही. आपण 'मी पत्र लिहिले' पण 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जाते. अरबीत पत्र असो वा चिठ्ठी, 'कतब्तु' ते 'कतब्तु'. आणि 'मी' स्त्री की पुरुष याचीही चौकशी नाही.

आता मुदारिअ. भूतकाळात प्रत्यय शब्दामागे लागत होते, इथे मुख्य बदल शब्दाच्या पुढे होतो. तो – यक्तुबु, ती – तक्तुबु, तू (पुरुष) – तक्तुबु, तू (स्त्री) – तक्तुबीन, मी – अक्तुबु, आम्ही – नक्तुबु. अनेकवचनात ते – यक्तुबून, त्या – यक्तुब्न, तुम्ही – तक्तुबून, तुम्ही स्त्रिया – तक्तुब्न. द्विवचनात 'आनि' : यक्तुबानि, तक्तुबानि.

'ती लिहिते' आणि 'तू लिहितोस' ही रूपे सारखीच, मग कळायचे कसे, असे विचारू नका. आपले 'लिहिते' घ्या. 'ती लिहिते', 'ते मूल लिहिते' आणि बाईने म्हटलेले 'मी लिहिते' ही तिन्ही सारखीच आहेत, आणि कुणाचे काही अडत नाही.

भविष्यकाळ वेगळा शिकावा लागत नाही. यक्तुबुच्या पुढे 'स' लावला की झाले : सयक्तुबु, तो लिहील. इथल्या बोलण्यात या जागी बहुधा 'ब' ऐकू येतो. मात्र इजिप्तच्या मालिका पाहून अरबी शिकणाऱ्यांनी सांभाळावे, कारण तिकडे तोच 'ब' वर्तमानकाळाला लागतो.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडे थांबू. मराठी व्याकरणात काळाखेरीज 'अर्थ' असतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'तो लिहितो' ही माहिती झाली, 'त्याने लिहावे' ही अपेक्षा. मराठीत यासाठी रूप पार बदलते. अरबीत मुदारिअचा फक्त शेवटचा स्वर बदलतो :

यक्तुबु – तो लिहितो
यक्तुब – (त्याने) लिहावे, लिहिणे
यक्तुब् – शेवट तोडलेला

पहिले साधे विधान. दुसरे रूप 'अन्' (की), 'लन्' (कधीही नाही) अशा शब्दांनंतर येते. 'लन् यक्तुब' म्हणजे तो लिहिणार नाही. तिसरे 'लम्' नंतर, आणि इथे गंमत आहे : 'लम् यक्तुब्' म्हणजे त्याने लिहिले नाही. रूप चालू काळाचे आणि अर्थ भूतकाळाचा! नको म्हणतानाही हेच : 'ला तक्तुब्', लिहू नकोस. ज्या रूपांच्या शेवटी 'न' होता (तक्तुबीन, यक्तुबून) त्यांचा 'न' दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात गळतो : तक्तुबी, यक्तुबू. फक्त स्त्रियांच्या अनेकवचनातला 'न' जागचा हलत नाही.

हे कशासाठी शिकायचे? तुमचा नोकरीचा करार काढा. ओमानच्या कामगार कायद्याप्रमाणे तो अरबीत असावा लागतो, दुसऱ्या भाषेत केला तर सोबत अरबी प्रत लागते. इंग्रजी मजकूर आपण वाचतो आणि अरबी बाजूवर नुसती सही करतो. त्या बाजूवर 'यजिबु अन्' दिसले तर ते बंधन आहे, अमुक केलेच पाहिजे. 'यजूझु अन्' म्हणजे करायला हरकत नाही, मुभा आहे. 'ला यजूझु' म्हणजे मनाई. पहिल्याचा नातेवाईक आपल्याकडे 'वाजबी' म्हणून राहतो, दुसऱ्याचा 'नाजायज'मध्ये. आणि नुसते साधे विधान, 'पहिला पक्ष अमुक देतो', असे असेल तर तेही करारात 'द्यायचे आहे' असेच वाचतात. एवढ्याने वकिलाची गरज संपत नाही, पण कुठल्या कलमावर बोट ठेवून प्रश्न विचारायचा ते कळते. ज्याच्यावर आपली सही आहे त्यात 'करावे लागेल' आहे की 'करता येईल', हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आम्हाला तरी बरे वाटत नाही.

आज्ञार्थ झटपट होतो. तोडलेल्या रूपातला पुढचा 'त' काढा आणि 'उ' लावा : उक्तुब् (लिही), बाईला उक्तुबी, अनेकांना उक्तुबू. वयस्कर ओमानी गृहस्थांना 'तू' म्हणायला आपली जीभ अडखळते, पण बोलण्यात तिथे तीच रीत आहे. मान दाखवायचा तो संबोधनातून, क्रियापदातून नाही.

कर्मणी प्रयोगात नुसते स्वर फिरतात : कतब, त्याने लिहिले; कुतिब, लिहिले गेले. युक्तबु, लिहिले जाते.

बोलताना यातले बरेच गळते. शेवटचे ऱ्हस्व स्वर जातात, म्हणून यक्तुबु-यक्तुब-यक्तुब् हा भेद बोलीत उरत नाही, आणि नकाराला बहुधा नुसते 'मा' पुरते. पण ओमानी बोलींची एक खासियत आहे. अनेक अरबी बोलींनी स्त्रियांचे वेगळे अनेकवचन टाकून दिले, ओमानच्या बऱ्याच बोलींनी ते जपले. चार बायकांबद्दल इथे 'कतबिन' ऐकू येते. 'ते गेले, त्या गेल्या' म्हणणाऱ्या आपल्या कानाला ते बरे वाटते.

जाता जाता या मातीतल्या एका माणसाचे नाव सांगितलेच पाहिजे. अल्-खलील इब्न अहमद अल्-फराहीदी. आठव्या शतकात बसऱ्याला राहिलेला हा विद्वान ओमानच्या अझ्द कुळातला. अरबीचा पहिला मोठा कोश त्याच्या नावावर आहे, आणि त्यातली अक्षरे अलिफ-बा अशी नाहीत, तर घशापासून ओठांपर्यंत, आपल्या क-च-ट-त-प सारखी लावलेली आहेत. त्याचा शिष्य सीबवैही हा इराणी. त्याने अरबीचे सर्वांत प्रसिद्ध व्याकरण लिहिले, ज्याला नुसते 'अल्-किताब' म्हणतात. म्हणजे नावातही आपले क-त-ब, आणि लिहिणारा बाहेरचा!

या धातूची बाकी पिलावळ तुम्ही रोज पाहता. मक्तब म्हणजे लिहिण्याची जागा, कचेरी. मक्तबा म्हणजे पुस्तकांचे दुकान किंवा ग्रंथालय. कातिब लिहिणारा, मक्तूब लिहिलेले. मक्तूबच्या साच्यात आपले मजकूर, मंजूर, मशहूर बसतात, आणि रस्त्यावरच्या पाटीवरचे 'मम्नूअ'सुद्धा, म्हणजे ज्याला 'मना' आहे ते.

पुढच्या सरावासाठी फतह (उघडले), शरिब (प्याला) आणि जलस (बसला) घ्या. भूतकाळाचे प्रत्यय तेच. मुदारिअमध्ये मधला स्वर मात्र बदलतो : यफ्तहु, यश्रबु, यज्लिसु. हा स्वर प्रत्येक क्रियापदाबरोबर पाठच करावा लागतो, त्याला इलाज नाही. लक्षात ठेवायला फत्ते आणि सरबत आहेतच, आणि जिथे बसायचे ती मजलिस तर इथल्या घराघरात आहे.