बाप्पा पेणचे, बेंजो नागोयाचा

पेण-रोह्याच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा जणांना विचारा, बेंजो कुठला? नऊ जण छाती ठोकून 'आपलाच' म्हणतील, दहावा शहाणपणाने अमेरिकेचं नाव घेईल. दहाही चुकले! बेंजो जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने टाइपरायटरच्या कळांवरून हे तंतुवाद्य जुळवलं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची, सूर शोधत बसायला नको. त्याच वर्षी जपानात तैशो सम्राटाचा काळ सुरू झाला होता, म्हणून वाद्य झालं 'तैशोगोतो'. जपानी मालाच्या जहाजांतून ते इकडच्या बंदरांत उतरलं आणि बुलबुलतरंग झालं. मग आपण त्याला पिकअप बसवला, अँप्लिफायर जोडला, जनरेटरसकट टेम्पोवर चढवलं, आणि बेंजो पार्टी तयार! रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर अख्खा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखच्या हाती बेंजो देऊन.

भावंडंही भरपूर. बलुची वादकांनी याच वाद्याला लांबरुंद करून 'बेंजू' केला. झांझिबार-मोंबासाच्या तारब संगीतात ते पोचलं, मालदीवमध्ये पोचलं, इंडोनेशियाच्या लोम्बोक बेटावरही. माळ्यावर एखादा जुना बुलबुलतरंग पडला असेल, कळांवर आकडे आणि लाकडावर जपानी अक्षरं असतील, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा.

जुन्या जपानी तंतुवाद्यांचं वेड जगभर आहे, फक्त ते वेड बेंजोचं नाही. ते आहे १९७०-८० च्या दशकांतल्या चार तारांच्या बेस गिटारचं. आणि गंमत म्हणजे तो रस्ताही नागोयावरूनच जातो.

पुस्तकाच्या दुकानातला बेस

आयबानेझ हे नाव ऐकून कोणालाही स्पेन आठवेल. नाव स्पॅनिशच आहे, पण कंपनी नागोयाची. होशिनो शोतेन नावाच्या पुस्तकांच्या दुकानाने १९०८ साली वाद्यांचा विभाग उघडला. १९२९ पासून त्यांनी साल्वादोर इबान्येझ या स्पॅनिश कारागिराच्या नावाच्या गिटारी आणायला सुरुवात केली, आणि पुढे तेच नाव स्वतःच्या मालावर लावलं. दुसरं मोठं नाव आरिया. तेही नागोयाचंच, अराई यांच्या कंपनीचं; आडनावातली अक्षरं थोडी इकडची तिकडे केली की झालं 'आरिया'. मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन आणि ड्युरान ड्युरानचा जॉन टेलर, एक डोकं आपटणाऱ्यांचा देव, दुसरा पोस्टरवरचा देखणा, पण दोघांच्याही गळ्यात आरिया प्रो टू.

आता खरी मेख. या कंपन्यांची नावं नागोयाची, पण घडाई बरीचशी मात्सुमोतोला, जपानी आल्प्सच्या पायथ्याशी. तिथे १९६० साली फुजिगेन गाक्की सुरू झाली. त्याच गावातली मात्सुमोकु ही कंपनी १९५१ पासून लाकूडकाम करायची, सिंगरच्या शिवणयंत्रांच्या पेट्या बनवायची. पॉलिश, जोडकाम, वळणदार लाकूड यांत हात बसलेला होताच. त्यांनी आरिया, वेस्टोन, व्हँटेज, एपिफोन अशा डझनभर नावांखाली गिटारी आणि बेस काढले. १९८७ ला कारखाना बंद पडला. म्हणून जुन्या जपानी बेसवरचं नाव वाचून फारसं काही कळत नाही. खरा प्रश्न असतो, बनवला कोणी?

खटला झाला, पण तुमच्या बेसवर नाही

जुन्या बाजारात 'लॉसूट बेस' असा शब्द कानावर पडला की समजा, किंमत वाढवायची तयारी चालू आहे. २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने फिलाडेल्फियाच्या कोर्टात आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर दावा लावला. तक्रार होती गिटारच्या डोक्याच्या वरच्या कडेची, जी उघड्या पुस्तकासारखी दिसते. (पुस्तकाच्या दुकानातून निघालेल्या कंपनीवर पुस्तकाच्या आकारावरून खटला! असं सुचायलाही भाग्य लागतं.) प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, आणि आयबानेझने तो आकार दाव्याआधीच बदलायला घेतला होता. फेंडर कंपनी या खटल्यात कुठेच नव्हती. बाजारातले बहुतेक 'लॉसूट' बेस मात्र फेंडरच्या घाटाचे. म्हणजे ज्यांच्यावर कधी खटलाच झाला नाही, ते खटल्याच्या नावावर महाग विकले जातात.

फेंडरने वेगळीच चाल केली. १९८२ साली जपानात कंपनी काढली आणि भागीदार घेतले यामानो गाक्की आणि कांदा शोकाई. कांदा शोकाई म्हणजे ग्रेको या नावाची मालक, आणि ग्रेको म्हणजे वर्षानुवर्षं फेंडरच्या हुबेहूब नकला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, पण इथे जामदारखाना भरला. फुजिगेनच्या कारागिरांनी घडवलेले ते सुरुवातीचे 'जेव्ही' क्रमांकाचे बेस आज संग्राहक जिवापाड जपतात. त्यांतल्या स्वस्त मालासाठी फेंडरने अडगळीतलं एक नाव काढलं, स्क्वायर. मूळची ती मिशिगनमधली तारा बनवणारी कंपनी, फेंडरने १९६५ ला विकत घेतलेली.

हामामात्सुच्या तोकाईने तर नकलेलाही बारशाचा थाट केला. फेंडरच्या प्रिसिजन बेसची त्यांची प्रत, तिचं नाव 'हार्ड पंचर'. बेस आहे की पहिलवान?

जन्मपत्रिका पाठीवर

ओळखायचं कसं, याचं थोडं शास्त्र आहे आणि बरीचशी हेरगिरी. आयबानेझचं सगळ्यात सोपं. १९७५ च्या शेवटापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या क्रमांकात पहिलं अक्षर महिना सांगतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. 'एच ७८' ने सुरू होणारा बेस ऑगस्ट १९७८ चा, इतकं सरळ. यामाहाने काही काळ वर्षासाठी एकच अक्षर वापरलं, त्यामुळे दहा वर्षांनी तेच अक्षर पुन्हा येतं आणि दशक तुम्ही बेसच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक निर्यात बेसवर तर क्रमांकच नाही. मागच्या पत्र्यावर नुसतं 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' कोरलेलं, आणि विक्रेता तेच कंपनीचं नाव समजून सांगतोय!

मग आत बघायचं. आवाजाच्या बटणाखालच्या जपानी पॉटचा दांडा साधारण ६ मिलिमीटरचा, अमेरिकन पाव इंची म्हणजे ६.३५. अमेरिकन बटण जपानी दांड्यावर डळमळतं, उलट केलं तर बसतच नाही. पिकअपच्या पोटाखाली कधी 'मॅक्सॉन' हे नाव सापडतं. ती मात्सुमोतोचीच कंपनी, आयबानेझ आणि ग्रेकोला पिकअप पुरवणारी.

पण सगळ्यात मोठा घोळ मानेचा. फेंडरच्या घाटाच्या बेसची मान धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. स्क्रू काढले की मान वेगळी, आणि क्रमांक बहुतेकदा पत्र्यावर, म्हणजे तोही वेगळा. अशा बेसचं धड एकाचं, शिर दुसऱ्याचं, आणि जन्मपत्रिका तिसऱ्याचीच निघते. गणपती घडवणाऱ्या पेणकरांना यात तत्त्वतः आक्षेप घ्यायला तोंड नाही, पण तिथे साक्षात शंकराने जोडलं होतं. इथे कोणी जोडलं ते विचारून घ्यावं. मान उतरवून खाचेतला फोटो मागा. तिथे शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, रंगाची कड दिसते. फोटो द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडून बेस घेऊ नये.

महावितरणचा सूर

बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ती सेकंदाला ४१ वेळा थरथरते. तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की ४९ वेळा, सूर 'जी'. आणि आपली वीज? ५० हर्ट्झ! म्हणजे पेण-रोह्याला अँप्लिफायरमधून जी गुणगुण येते ती जवळपास 'जी' सुराचीच, केसभर चढी. त्याच सुरातलं गाणं घेतलं तर महावितरण फुकट तंबोरा धरून बसलंय असं समजावं. जपानात मात्र पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं आणली आणि ओसाकाने अमेरिकन. नागोया आणि हामामात्सु ६० च्या पट्ट्यात. तिकडचा बेस इथे आला की त्याची गुणगुणही बदलते. ही गुणगुण नकोच असेल तर दोन तुकड्यांच्या पिकअपचा प्रिसिजन घाट घ्या. १९५७ पासून ती रचना गुणगुण आपली आपण मारते.

एक धोक्याची सूचना, आणि ही गमतीत घेऊ नका. जपानी घरगुती वीज १०० व्होल्टची. बेसबरोबर हौसेने आणलेला जुना जपानी अँप्लिफायर आपल्या २३० च्या प्लगात घातला की पहिलाच सूर धुराचा. ट्रान्सफॉर्मर आधी, वादन नंतर.

ऑक्टापॅडवाल्यांनी बेसवाल्याला काढलं

बेंजो पार्टीतला दुसरा जपानी पाहुणा म्हणजे ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. ओसाकामध्ये १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी रोलँड कंपनी काढली. पहिला ऑक्टापॅड १९८५ चा. याच रोलँडने १९८० च्या सुमारास फुजिगेनकडून घडवून बेस गिटारही विकला, सिंथेसायझरला जोडायचा. आज तो दिसला तर संग्राहकाचे डोळे लकाकतात.

त्याच रोलँडने बेसवादकाची सुट्टी करायला एक चंदेरी डबीही काढली, टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला साथ करणारा यांत्रिक बेसवाला! कोणी विचारलं नाही, उत्पादन १९८४ ला थांबलं, डब्या मातीमोल भावात गेल्या. मग शिकागोच्या पोरांनी बटणं उलटसुलट फिरवून त्यातून नवं नृत्यसंगीत काढलं आणि आज त्या डबीचा भाव चांगल्या जुन्या बेसच्या पुढे जातो. पण शिकागोच्या आधी मुंबई! हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच डबीवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग बसवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. विकली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे मुंबईचा पत्ता शोधत आले.

टाकीवरचे स्वरकाटे

यामाहा म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते आरएक्स १००, आणि तिचा तो आवाज. टाकीवरच्या गोल चिन्हात तीन काट्यांसारखं काय आहे? ते स्वरकाटे आहेत, वाद्य सुरात लावायचे. तोराकुसु यामाहा १८८७ साली हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायला गेले, तिथून हा संसार सुरू झाला. मोटारसायकली आल्या १९५५ मध्ये. यामाहाच्या बेसची बीबी मालिका १९७७ ची, त्यातला बीबी १२०० पॉल मॅकार्टनीनेही गळ्यात अडकवला. माझं मत विचाराल तर बाजारात नव्याने उतरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. यामाहा कोणाची नक्कल नव्हती, म्हणून खोटी डोकी आणि उसन्या माना यात कमी सापडतात.

बाजार कुठे?

टोकियोत ओचानोमिझु नावाचा भाग गिटारच्या दुकानांनी गच्च आहे. आपल्याकडे मुंबईचं धोबीतलाव, तिथलं वाद्यांचं दुकान फुर्टाडोज १८६५ सालचं, पण जुना जपानी बेस हवा तर तो दुकानात कमी आणि वादकांच्या ओळखीपाळखीत जास्त फिरतो. जपानहून मागवायचा तर कुरिअर आणि सीमाशुल्काचा हिशेब आधी मांडा, नाहीतर हत्ती घेतला आणि अंकुश महाग पडला अशी गत. जपानी दुकानांत 'जंक' अशी चिठ्ठी लावलेला माल स्वस्त मिळतो. चिठ्ठीचा अर्थ इतकाच की दुकानदार कसलीही हमी देत नाही. नुसती सुटलेली वायर असू शकते, वाकलेली मानही असू शकते.

लाकडाचंही एक आहे. अनेक जपानी बेसच्या पट्ट्यांखालचं काळपट लाकूड भारतीय शिसवी, आपल्या सह्याद्रीत उगवणारं. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि गिटारवाल्यांना कागदपत्रं जमवता जमवता नाकी नऊ आले. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलची शिसवी मात्र अजून कडक बंदोबस्तात.

आणि शेवटी आपला पाऊस. मात्सुमोतोच्या कोरड्या हवेत घडलेली मान रोह्याला कुंडलिकेकाठी जुलै काढते तेव्हा फुगते, तारा वर उचलल्या जातात, पिकअपचे स्क्रू गंजतात. मानेतली लोखंडी सळई पाव आटा फिरवून ती ताळ्यावर येते. अर्धा फिरवायची घाई नको. बेस खोक्यात ठेवा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या पुड्या मधूनमधून बदला. बेस घेऊन मुंबईला जायचं असेल तर दिवा-रोहा मेमूच्या गर्दीत सव्वा मीटरचा दांडा उभा धरण्यापेक्षा तारा सैल करून चार स्क्रू काढावेत. मान पिशवीत, धड मांडीवर. फक्त पत्रा हरवू नका, क्रमांक त्याच्यावर आहे.