चालणे हेही औषधच!

आपल्या मध्यमवर्गीय घरांत आजारी माणसावरचे प्रेम एकाच रीतीने व्यक्त होते : त्याला जागचे हलू द्यायचे नाही! पाण्याचा पेला हातात, चहा हातात, वर्तमानपत्रही हातात. त्यातून दुखणे हृदयाचे असले, छाती उघडून बायपास शस्त्रक्रिया झालेली असली, म्हणजे तर विचारायलाच नको. काचेचे भांडे जपावे तसे सारे घर त्या माणसाला जपू लागते.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बंधूंची, अण्णांची, ही शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. पण घरी आल्यावर अण्णांना भीतीने घेरले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागली की ते छातीवर हात ठेवून खाली बसत. "भावोजी, आता हे असेच राहायचे का हो?" वहिनींनी मला एकदा हळूच विचारले. डॉक्टरांनी त्याचे उत्तर एका चिठ्ठीवर लिहून दिले. तीत नवे औषध नव्हते. इस्पितळातल्या व्यायामवर्गाची वेळ होती. मी मराठीचा शिक्षक, वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या बाटलीपुरता. पण अण्णांच्या सोबतीला त्या वर्गाला जाऊ लागलो आणि कुतूहलाने वाचूही लागलो.

हृदयविकार म्हणजे अंथरूण, ही समजूत काही केवळ आपल्या आजीची नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठे डॉक्टरही झटका आलेल्या रोग्याला सहा-सहा आठवडे निजवून ठेवीत. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी अशा रोग्यांना आरामखुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला. तेव्हा तेवढेही धाडसच होते! पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी बसनोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार आढळला तो ड्रायव्हरांत अधिक! दुमजली बसमधून फिरलेल्या मुंबईकराला ही साक्ष समजावून सांगायला नकोच.

१९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. रेने फाव्हालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला नवी वाट जोडली, आणि बायपास शस्त्रक्रिया रूढ झाली. पण शस्त्रक्रिया वाट करून देते. वाट पुन्हा तुंबू नये हे काम आपले. नेमाच्या व्यायामाने शरीराचे स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. तेच काम मग हृदयाला कमी ठोक्यांत निभावते. रक्तदाब आणि साखर यांनाही लगाम बसतो. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले ते असे की, अशा व्यायामोपचाराने हृदयविकाराचे मृत्यू कमी होतात आणि पुन्हा इस्पितळ गाठण्याची पाळीही कमी येते.

मात्र औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा असते. आरंभ इस्पितळातच होतो : खुर्चीत बसणे, श्वास आत ओढून नळीतले चेंडू वर उचलणे, उशी छातीशी धरून खोकणे. छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी अधिकही, लागतात. तोवर पाण्याची बादली उचलणे किंवा जड कपाट ढकलणे वर्ज्य. घरी पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा चालायचे आणि हळूहळू वाढवायचे. वर्ग सुरू होतो तो डॉक्टरांनी चालवून, तपासून पाहिल्यावर. आधी अंग मोकळे करायचे, मग चालपट्टीवर किंवा जागच्या सायकलीवर वीस-तीस मिनिटे, आणि शेवटी वेग उतरवत आणायचा. एकदम थांबायचे नाही.

काही औषधांनी नाडी मंदावते, म्हणून केवळ नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. यावर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी युक्ती काढली : आपल्याला होणाऱ्या श्रमाला आपणच ६ ते २० असे गुण द्यायचे. सामान्यतः ११ ते १३ गुण बरे. त्याहून सोपी खूण म्हणजे चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणे म्हणता येऊ नये. अण्णांना गाण्याचा नाद, त्यामुळे त्यांना हे माप फार आवडले! छातीत दुखले, घेरी आली, ठोके अनियमित वाटले, तर मात्र तत्काळ थांबायचे. आराम पडला नाही तर विलंब न करता इस्पितळ गाठायचे.

एक गोष्ट मनाला लागली. अण्णांच्या वर्गात चौदा माणसे, त्यांत बाई एकच. स्त्रियांना अशा वर्गाला कमी पाठवले जाते, ही तक्रार जगभर आहे. शस्त्रक्रिया झालेली गृहिणी बरी दिसू लागताच ओट्याशी उभी राहते, पिठाचा डबा उचलते, आणि "घरकाम म्हणजे व्यायामच की!" असे आपण म्हणून मोकळे होतो. घरकाम हे श्रम खरे. पण त्याला ना मात्रा, ना चढती श्रेणी, ना कोणाची देखरेख.

भाषेच्या शिक्षकाने शेवटी शब्दाकडे वळावे, हे ओघानेच आले. 'पथ्य' म्हटले की आपल्याला आठवते ते काय खायचे नाही याची यादी. पण या शब्दाच्या पोटात 'पथ' आहे, वाट आहे! वाटेला धरून असते ते पथ्य. वर्ग दोन-तीन महिन्यांनी संपला. हे पथ्य जन्मभराचे. वहिनींनी आता अण्णांच्या हातात चहा देणे बंद केले आहे. त्या म्हणतात, "चला, नाक्यापर्यंत जाऊन येऊ, मग ठेवते चहा."

आपल्या घरी असे कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांना आणखी एक उशी आणून देण्याऐवजी चालण्याचे बूट आणून द्यावेत. आणि डॉक्टरांना विचारून, फराळानंतर तासाभराने, त्यांच्याबरोबर आपणही चार पावले चालावे.