घड्याळ घेऊन धावणारा नुर्मी

१० जुलै १९२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने १५०० मीटरची शर्यत जिंकली. तासाभराच्या आतच ५००० मीटरची अंतिम शर्यत होती! तो दमला असेल, हे हेरून त्याचा देशबंधू रिटोला व स्वीडनचा विडे यांनी सुरुवातीलाच वेग वाढवला. नुर्मी मात्र हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहत आपल्याच गतीने धावत राहिला. असे का? एकदम जोरात धावल्यास स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो. मग ऑक्सिजनविना ऊर्जा निर्माण करावी लागते आणि स्नायू लवकर थकतात. वेग सारखा ठेवल्यास शक्ती शेवटपर्यंत पुरते. नुर्मीने दोघांना गाठले आणि रिटोलाला अवघ्या ०.२ सेकंदाने हरवले! मुलांनो, मैदानावर धावताना तुम्हीही प्रत्येक फेरीची वेळ टिपून पाहा.