विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत स्प्रिंकलरचे काय होते? नगरमध्ये नळीऐवजी खतच का ‘गोठते’?

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे सुरू झाले, की अहिल्यानगरचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो. राज्यातील सर्वांत थंड शहरांच्या यादीत मग नगरचे नाव हमखास झळकते. त्याच सुमारास मोबाइलवर परदेशातील व्हिडिओही फिरू लागतात : ‘थंडी येण्यापूर्वी लॉनचा स्प्रिंकलर रिकामा करा, नाहीतर नळ्या फुटतील.’ नगर, राहाता, संगमनेरमध्ये बंगल्यापुढे हिरवळ आणि शेतात तुषार किंवा ठिबक संच असलेल्यांना प्रश्न पडतो, की आपणही हे करायचे का? थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र थंडी या संचांना वेगळ्या वाटेने छळते, आणि पिकाला थंडीपासून वाचवण्यात याच पाण्याचा मोठा हात असतो.

परदेशात नळ्या का फुटतात?

पाणी गोठून बर्फ झाले, की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बंद नळीत या वाढीला जागा नसते. दाब वाढत जातो आणि सांधा, झडप किंवा नळीच तडकते. अमेरिकेत डेन्व्हर, शिकागोसारख्या शहरांत जमीनसुद्धा खोलवर गोठते. म्हणून तिथे राहणारी मराठी कुटुंबेही दिवाळीच्या आगेमागे स्प्रिंकलरची मुख्य झडप बंद करतात आणि कॉम्प्रेसरच्या हवेने नळ्यांतले पाणी उडवून लावतात. हवेचा दाब पीव्हीसी नळीला ८० आणि लवचिक पॉलिथिन नळीला ५० पीएसआयच्या वर नेऊ नये, असा तिथला सर्वसाधारण दंडक. सर्वांत आधी तडकते ती जमिनीवर उघडी असलेली, पाणी उलटे वाहू न देणारी पितळी झडप.

थंडीची सवय नसलेल्या ठिकाणी तर फटका आणखी मोठा बसतो. फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळात टेक्सासमध्ये असंख्य घरांच्या नळ्या फुटल्या, त्या याच कारणाने. आपल्याकडे काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू झाला, की श्रीनगरचे नळ गोठतात.

नगरमध्ये तसे का होत नाही?

नळीतले पाणी गोठायचे, तर तापमान काही तास सलग शून्याखाली राहावे लागते. नगरला नीचांकी तापमान गाठले जाते ते सूर्योदयाच्या आसपास, थोड्याच वेळासाठी. दुपारी पारा पुन्हा २५ अंशांच्या पुढे जातो. त्यात हातभर खोल गाडलेल्या मेन आणि सबमेनला मातीची ऊब असते.

मग निफाड, महाबळेश्वरचे वेण्णा तलाव किंवा अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या माथ्यावर ‘दवबिंदू गोठले’ अशा बातम्या येतात, त्या खोट्या का? तर नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताचे पाते आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकते आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी अधिक गार होते. पेटीतला पारा तीन-चार अंशांवर असतानाही पात्यावरचे दव गोठू शकते ते यामुळे. पण हा बर्फाचा पातळ थर नळीतल्या पाण्याला धक्का लावत नाही.

याच कारणाने एकाच गावात एका शेताला गारठ्याचा फटका बसतो आणि शेजारचे वाचते. गार हवा जड असते. ती उतारावरून ओघळून ओढ्याकाठच्या, नदीकाठच्या खोलगट रानात साचते. मुळा-प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून कळावे लागत नाही.

मग ठिबक-तुषार संचाला थंडीचा धोका कोणता?

खरे दुखणे दोन ठिकाणी आहे. पहिले नळीच्या आकसण्याचे. ठिबकच्या लॅटरल पॉलिथिनच्या असतात आणि हे प्लॅस्टिक तापमानाबरोबर बरेच लांब-आखूड होते. दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.२ मिलिमीटर. पहाट आणि दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला, तर शंभर मीटर लांबीच्या मोकळ्या नळीत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. भर दुपारी ताणून, सरळ रेषेत बसवलेली लॅटरल पहाटे आकसते आणि सबमेनच्या ग्रोमेटमधून टेक-ऑफ ओढून काढते. सकाळी मोटार सुरू केल्यावर रानात एकाच जागी तळे दिसते, ते बहुधा यामुळे. उपाय बिनखर्चाचा आहे : नळी थोडी सैल, नागमोडी सोडायची आणि शेवटचे टोक खुंटीला घट्ट आवळायचे नाही.

दुसरे दुखणे खताच्या टाकीत असते. नगरच्या थंडीत नळीत बर्फ होत नाही, पण खताचे खडे होतात. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३-०-४५, हे २० अंशांच्या एक लिटर पाण्यात ३०० ग्रॅमच्या आसपास विरघळते. पाणी १० अंशांवर आले, की हे प्रमाण २०० ग्रॅमच्या घरात येते. म्हणजे दुपारी नितळ दिसणारे द्रावण ड्रममध्ये रात्रभर राहिले, तर सकाळी तळाशी स्फटिक बसलेले असतात. सल्फेट ऑफ पोटॅश (०-०-५०) मुळातच कमी विरघळते, त्यामुळे तिथे गडबड अधिक. शिवाय युरिया आणि पोटॅशियम नायट्रेट विरघळताना पाण्यातलीच उष्णता घेतात, बादलीला हात लावला की गार लागते ती म्हणून. न विरघळलेले हे खडे व्हेंचुरीतून पुढे गेले, की ड्रिपर चोंदतात.

त्यामुळे या दिवसांत खत सकाळी दहानंतर, विहिरीच्या ताज्या पाण्यात आणि नेहमीपेक्षा पातळ विरघळवणे बरे. द्रावण शिळे ठेवू नये. खत सोडून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे नुसते पाणी चालवावे आणि मधूनमधून लॅटरलची टोके उघडून नळ्या धुऊन घ्याव्यात. कॅल्शियम नायट्रेट मात्र सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात कधीच मिसळू नये. त्याचा थंडीशी संबंध नाही, तिथे साका बाराही महिने होतो.

पाण्याने पिकाचा बचाव नेमका कसा होतो?

हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, हा घरोघरचा अनुभव. भूगर्भातील पाणी बाहेरच्या गारठ्यातही पंचविशीच्या आसपास टिकून असते. उघड्या शेततळ्यातील पाणी मात्र रात्री उष्णता गमावते. दोन्हींची सोय असेल, तर थंडीच्या लाटेत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आधी वापरावे.

ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. म्हणून डाळिंब, पेरू, द्राक्ष, टोमॅटो, पपई अशा पिकांत थंडीच्या लाटेपूर्वी जमीन ओलसर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गव्हाला ही थंडी मानवते. त्याच्यासाठी एवढा खटाटोप नको.

गोंधळ होतो तो पानांवर पाणी उडवण्याबाबत. फ्लोरिडातील स्ट्रॉबेरीचे शेतकरी रात्रभर स्प्रिंकलर चालवून पिकावर बर्फ चढू देतात, हे खरे आहे. एक लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता सोडते आणि ती कळ्यांना शून्याच्या जवळपास सांभाळते. पण नगरला हवेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत जातच नाही, त्यामुळे ही उष्णता मिळत नाही. २५ अंशांचे एक लिटर पाणी पाच अंशांपर्यंत थंड होताना फक्त २० किलोकॅलरी देते. तेच पाणी वाफ होऊन उडाले, तर जवळपास ५९० किलोकॅलरी ओढून घेते. म्हणजे फवारलेल्या पाण्याचा तिसावा हिस्सा उडाला, तरी मिळालेली सगळी ऊब गेली. वारा आणि कोरडी हवा असलेल्या रात्री थोडा वेळ तुषार चालवून बंद करणे, हे ओल्या अंगाने गच्चीवर उभे राहण्यासारखे आहे. आपल्याकडे पाणी पानावर कमी आणि मातीत जास्त गेलेले चांगले.

शेकोट्यांचे काय? धुराची चादर पिकाला झाकते असे मानले जाते, पण उष्णता अडवण्यात धूर फारसा उपयोगी नाही. काम करते ती आग. एका मोठ्या जाळापेक्षा बांधावर ठिकठिकाणी केलेल्या लहान शेकोट्या अधिक उपयोगी ठरतात. जवळ वाळलेले पाचट असेल, तर मात्र हा उपाय विसरलेलाच बरा.

पाणी पहाटेच द्यावे लागते का?

‘पहाटे पाणी द्या’ हा सल्ला कागदावर सोपा आहे. जिल्ह्यात शेतीची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने मिळते. रात्रीच्या पाळीत बारे धरायला जाणाऱ्याला गारठा असतो, साप-विंचू असतात आणि बिबट्याही असतो. अकोले परिसरातील ऊस-मक्याच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यात आढळले. थंडीचे महिने हेच उसाच्या तोडणीचेही महिने. फड मोकळे होऊ लागले, की बिबटे आसरा शोधत फिरतात. एका रात्रीच्या पाण्यासाठी जीव धोक्यात घालावा का, हा प्रश्न त्यामुळे घराघरांत विचारला जातो.

शास्त्राचा कौल इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे. मातीत ऊब साठायची असेल, तर तिने दिवसभर ऊन खायला हवे. लाटेचा इशारा आल्यावर आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारी दिलेले पाणी रात्री काम करते. माळरानावर कोणी जागत बसण्याची गरज उरत नाही. अडचण दिवसा वीज नसण्याची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला उभा राहिला. जिथे अशी वाहिनी पोहोचलेली नाही आणि रात्रीचीच पाळी आहे, तिथे मोटारीला ऑटो स्टार्टर आणि संचाला टायमर झडप बसवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ठिबकवर हे जमते. पाटपाण्यावर माणूस लागतोच.

घरच्या लॉनसाठी काय करावे?

संच रिकामा करण्याची गरज नाही. हरळीच्या जातीचे लॉन थंडीत मंदावते, पिवळसर पडते आणि फेब्रुवारीच्या उन्हात पुन्हा फुटते. ते मेले असे समजून रोज पाणी मारले, तर बुरशी लागते. दिवसाआड किंवा त्याहून कमी, तेही ऊन आल्यावर नऊ-दहाच्या सुमारास, एवढे पाणी पुरे. टायमर उन्हाळ्यात पहाटे पाचला लावलेला असेल, तर तेवढा बदलून घ्यावा. आणि नोझल अडकले, तर थंडीला दोष देण्यापूर्वी ते काढून पाहावे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार असेल, तर व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्यास तो निघतो.