बेवारस बाळ, संगणक आणि कलम पहिलं

ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा ‘प्रोलॉग’ या संगणकभाषेत उतरवायचं लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या मारेक सेर्गॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनावर घेतलं. १९८६ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. पहिलं पोटकलम सरळ होतं : कायदा लागू झाल्यावर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील तेव्हा ब्रिटिश नागरिक असतील किंवा तिथे स्थायिक असतील, तर मूलही नागरिक. व्यक्ती, जन्म, तारीख, पालक या संकल्पना आणि त्यांच्यातली नाती एकदा नीट मांडली, की असा नियम ‘जर-तर’मध्ये चपखल बसतो.

दुसरं पोटकलम बेवारस सापडलेल्या नवजात बाळाचं. आईबापांचा पत्ता नाही. प्रोलॉगच्या लेखी जे सिद्ध होत नाही ते खोटं. म्हणजे नुसत्या पहिल्या पोटकलमावर चाललं तर बाळ उपरं. कायदा मात्र म्हणतो, विरुद्ध पुरावा येत नाही तोवर ते ब्रिटनमध्येच, पात्र पालकांच्या पोटी जन्मलं असं धरा. उद्या खरे आईबाप पुढे आले, तर काढलेला निष्कर्ष मागे घ्यावा लागणार. नेहमीच्या गणिती तर्कात ही सोय नाही. तिथे एकदा सिद्ध झालं ते झालंच.

इथे ‘धरून चाला’ असं कायद्यानेच सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून बदनाम झालेल्या योजनेत यंत्रणेनेच परस्पर धरून चालायला सुरुवात केली. तिथला बेकारी भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. तपशील हाती नसेल तिथे आयकर खात्याकडचा वर्षाचा आकडा सरळ २६ ने भागला जाई. समजा, एका मुलीने सहा महिने पंधरवड्याला २,००० डॉलर कमावले आणि उरलेले सहा महिने भत्त्यावर काढले. सरासरीत तिची कमाई वर्षभर १,००० दिसणार. झालं, जादा भत्ता घेतल्याची वसुली तिच्या दारात! वर ती चूक आहे हे दाखवायचं ओझंही तिच्यावरच. चार लाखांहून अधिक लोक यात भरडले गेले. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने योजना बेकायदा आणि अन्यायकारक ठरवली. भागाकार बिनचूक होता; पंधरवडा ही संकल्पनाच हिशेबातून गळाली होती.

कायदा कोडमध्ये उतरवण्यासाठीच फ्रान्सच्या ‘इन्रिया’ संस्थेत घडलेल्या ‘काताला’ या संगणकभाषेत मूळ नियम आणि त्याचे अपवाद वेगवेगळे लिहिता येतात. आपल्या कायद्यांतली परंतुकांमागून येणारी परंतुकं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याचं मोल लगेच कळेल. वर कलमाचा मूळ मजकूर, त्याखाली त्याचा कोड. वकील आणि प्रोग्रामर शेजारी बसून दोन्ही ताडून बघतात. फ्रान्सच्या कुटुंबभत्त्याचे नियम असे उतरवताना सरकारच्याच अधिकृत प्रणालीतली एक चूक त्यांच्या हाती लागली.